कबाड्याच्या पोत्यातला सुगंध: जुन्या आफ्टरशेव्हच्या शिश्या जमवू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या आफ्टरशेव्ह आणि कोलनच्या शिश्या शोधायला मुंबईच्या चोरबाजारातच जावं लागतं, असं आपल्याकडच्या पुष्कळ जणांना वाटतं. विदर्भातल्या लहान गावांत राहणाऱ्यांनी तर हा नाद आपला नाहीच असं धरून ठेवलेलं असतं. पण जरा आठवून बघा. मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याला रेल्वेचे गार्ड आणि स्टेशनमास्तर राहत. हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या होत्या, वणी आणि घुग्गुसला कोळशाच्या खाणी, बल्लारपूरला कागद कारखाना, भंडाऱ्याजवळ आणि भद्रावतीला आयुध निर्माणी. फौजेतून सुटीवर येणारा जवान मिलिटरी कॅन्टीनमधून घरच्यांसाठी काही ना काही आणायचाच. ही सगळी रोज दाढी करणारी, महिन्याचा पगार हातात येणारी माणसं. त्यांच्या घरातल्या दिवळीत, आरशामागे, पोटमाळ्यावरच्या पेटीत या शिश्या अजून आहेत.

पण त्या फार काळ राहणार नाहीत. मातीची घरं पडून तिथे घरकुलं उभी राहत आहेत, वाडे वाटणीत जात आहेत. घर रिकामं झालं की सगळा किरकोळ माल कबाड्याच्या पोत्यात जातो. बिअरची बाटली परत विकली जाते म्हणून कबाडी ती जपतो. दाढीची शिशी फुटक्या काचेत जाते आणि वजनावर विकली जाते. तुम्हाला तिच्यापर्यंत पोचायचंय ते या मधल्या वेळेत.

आधी थोडी ओळख

सगळंच जमवू नका. सुरुवातीला चार-पाच नावं डोळ्यांना ओळखीची करून घ्या, म्हणजे ढिगातून हात बरोबर तिथे जाईल.

आपल्या भागात सगळ्यात जास्त सापडतं ते ओल्ड स्पाइस. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने पुरुषांसाठी ते १९३८ साली बाजारात आणलं. दुधी पांढरी शिशी, तिच्यावर शिडाचं जहाज. १९९० साली हा ब्रँड प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला. भारतातलं ओल्ड स्पाइस बरीच वर्षं गोव्यात तयार होत होतं, आणि परदेशातले शौकीन हा भारतीय माल मुद्दाम मागवत, कारण त्यांच्या मते त्याचा वास जुन्या शुल्टनच्या जास्त जवळचा होता. म्हणजे ज्या शिशीकडे आपण रोजची म्हणून बघत नाही, ती बाहेर शोधून घेतली जाते. ओरिजिनल, मस्क आणि फ्रेश लाइम असे तिचे प्रकार आपल्याकडे मिळत.

दुसरं ब्रुट. १९६४ साली फॅबर्जे कंपनीने आणलेलं. हिरवी शिशी आणि गळ्यात साखळीने लटकवलेलं चंदेरी पदक. ते पदक जागेवर असलेली शिशी मिळणं दुर्मिळ. पोरांनी ते काढून खेळण्यात घेतलेलं असतं. डेनिम हे नाव १९७६ चं, आपल्याकडे ते पुढे आलं. अ‍ॅक्वा वेल्व्हा हे नाव १९१७ सालापासूनचं, पण विदर्भात ते एखाद्या मुंबईहून किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या मेहेरबानीनेच सापडतं.

आणि कोलनवॉटर. ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायच्या, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. मुळात हे जर्मनीतल्या कोलोन शहराचं पाणी. फरिना घराण्याने तिथे १७०९ साली धंदा सुरू केला, आणि त्याच शहरातलं ४७११ हे घरक्रमांकावरून पडलेलं नाव निळ्या-सोनेरी लेबलासह जगभर गेलं. आपल्याकडे टाटांचं कोलन घराघरांत होतं, औषधाच्या कपाटात. म्हणून कोलनवॉटर शोधताना आरसा सोडा आणि जुन्या डॉक्टरांच्या, नर्सबाईंच्या, शाळामास्तरांच्या घरची औषधांची पेटी विचारा.

अत्तर हा वेगळा विषय आहे. त्याची शिशी, त्याचा व्यापार, त्याची पारख सगळं निराळं. दोन्ही एकदम सुरू केलं तर एकही नीट होत नाही.

कुठे आणि केव्हा

पहिली ओळख कबाड्याशी करा. एकदा जाऊन ढीग उपसून निघून आलात तर काही हाती लागणार नाही. त्याला मोबाइलवर शिशीचे दोन-तीन फोटो दाखवा, आणि फुटक्या काचेच्या भावापेक्षा शिशीमागे चांगले पैसे देईन असं स्पष्ट सांगा. वणीच्या एका कबाड्याने मला सरळ हिशेब सांगितला: "दादा, काचीचे पैसे काहीच नाई येत. पोतं भरेपर्यंत अर्ध्या फुटतेत. तुले पाह्यजे असन त बाजूले ठेवतो." बाजूला ठेवायला त्याला एक खर्ड्याचं, म्हणजे पुठ्ठ्याचं, खोकं नेऊन द्या. खोकं समोर दिसलं की त्याच्या लक्षात राहतं.

दुसरं ठिकाण म्हणजे जुनं जनरल स्टोअर्स किंवा मनिहारीचं दुकान. बसस्टँडजवळचं चकचकीत नको. गावातल्या जुन्या पेठेतलं, लाकडी फळ्यांच्या दाराचं, जिथे आजोबा गल्ल्यावर आणि नातू मोबाइलवर बसलेला असतो. वरच्या फळीवर न खपलेला माल वर्षानुवर्षं तसाच असतो. इथे बोलणं जपून करा. जुना माल उरलाय हे मान्य करणं दुकानदाराला कमीपणाचं वाटतं. "काका, मला वापरायला नको, जुन्या शिश्या जमवतो, खोकं असलं तर आणखी बरं," असं म्हटलं की ते मोकळे होतात. सीलबंद, खोक्यासकट शिशी मिळण्याची जागा ही एवढीच.

सलूनवाले तिसरे. त्यांच्याकडच्या शिश्या सुंदर असतात, पण आतलं पाणी बहुतेक वेळा दुसरंच असतं. मोठ्या डब्यातलं स्वस्त लोशन, तुरटीचं पाणी, कधी नुसतं गुलाबपाणी. म्हणून सलूनमधली शिशी रिकामी समजून घ्या आणि तेवढेच पैसे द्या.

आठवडी बाजारात जुन्या वस्तूंचं एखादं फडकं पसरलेलं असतंच. त्यावर जाळीदार वाट्या, बंद पडलेली घड्याळं, चष्म्याच्या काड्या आणि त्यांच्यात एखादी शिशी. बहिरमच्या यात्रेसारख्या लांब चालणाऱ्या यात्रेतही असे विक्रेते येतात. सकाळी लवकर जा. बोहनीच्या वेळी भाव नीट ठरतो.

आता केव्हा. माझ्या मते वर्षात दोनच हंगाम खरे. एक दिवाळीआधीची साफसफाई. दुसरा त्याहून चांगला: मे महिना, पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे दिवस. कवेलू उतरवायचे म्हणजे पोटमाळा रिकामा करावाच लागतो. तेव्हा अंगणात ज्या वस्तू निघतात, त्या एरवी कोणी दाखवणार नाही. गावातल्या कवेलू फेरणाऱ्या माणसाला आणि गवंड्याला आधीच सांगून ठेवा.

एक मर्यादा पाळा. मूर्तिजापूरकडे एका निवृत्त गार्डच्या घरी दिवळीत दाढीचा मग, झिजलेला ब्रश आणि तळाशी बोटभर उरलेली ओल्ड स्पाइसची शिशी तशीच्या तशी होती. आजींनी ती मला हातात दिली, वास घेऊ दिला आणि म्हणाल्या, "मी कधीमधी झाकण उघडून पाह्यतो, बाप्पा." अशी शिशी विकत मागायची नाही. किंमत विचारायचीही नाही. फोटो काढण्याची परवानगी मिळाली तर घ्या, आणि चहा पिऊन या.

शिशी हातात आली की लगेच नाकाला लावू नका

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो, कारण आपला भाग कापसाचा आहे. शेतकऱ्याच्या घरी झाकण घट्ट बसणारी काचेची शिशी दिसली की तिच्यात उरलेलं फवारणीचं औषध भरून ठेवलेलं असू शकतं. रॉकेल, फिनेल, तेलही असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकऱ्यांना विषबाधा झाली आणि किती जीव गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच औषध सुगंधाच्या शिशीत असेल तर?

म्हणून आधी विचारा: "यात नंतर काही भरलं होतं का?" मग शिशी उजेडासमोर धरा. आफ्टरशेव्ह पारदर्शक असतं आणि हलवलं की पाण्यासारखं पटकन खाली येतं. दुधाळ, तेलकट, चिकट थर काचेला धरून राहत असेल, तळाशी पांढरा साका असेल, झाकणाभोवती वाळलेले पांढरे डाग असतील, तर उघडू नका. ओल्ड स्पाइसच्या दुधी काचेतून आत काही दिसत नाही, तिथे जास्त सावध राहा. उघडायचीच झाली तर उघड्यावर, शिशी हातभर लांब धरून, तोंडावरून हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्या. लसणासारखा, उग्र वास आला की झाकण लावा, हात साबणाने धुवा आणि ती शिशी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी बाजूला काढा. अशी शिशी धुऊन संग्रहात ठेवण्याचा मोह नको.

वय कसं ओळखायचं

शिशीवर तारीख नसली तरी लेबल बरंच बोलतं. ही कामाची बाजू मला सगळ्यात आवडते, कारण यासाठी लागतो तो फक्त वेळ आणि एक भिंग.

किंमत आण्यांत असेल तर ती दशमान नाण्यांच्या आधीची, म्हणजे १९५७ च्या आसपास किंवा त्यापूर्वीची. नये पैसे छापलेले असतील तर त्याच्या नंतरच्या काही वर्षांतली. मापात नुसते औंस असतील, मिलिलिटर नसेल, तर एक तर फार जुनी किंवा परदेशातून आलेली. कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. पत्त्यात 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५ च्या आधीची. पण जुनी लेबलं संपेपर्यंत कंपन्या वापरत, म्हणून एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरा.

किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' अशा अर्थाचा मजकूर असेल तर ती साधारण १९९० च्या आधीची. त्या सुमारास 'सर्व करांसहित' किंमत छापायची पद्धत आली. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध किंवा पुढे. रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१० नंतरची, आणि हिरवा किंवा तपकिरी ठिपका असेल तर २०१४ नंतरची. ती जुनी समजून घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

ओल्ड स्पाइससाठी एक सोपी खूण: लेबलावर किंवा तळाशी कुठे शुल्टनचं नाव आहे का ते बघा. खोकं असेल तर त्याच्या आतल्या घड्या उघडून बघा. छपाईचा काही मजकूर तिथे लपलेला असतो.

नकलाही सापडतील. एक अक्षर बदललेलं नाव, जहाजाऐवजी होडी. बाजारात त्या तेव्हाही खपत होत्या. मी त्या फेकत नाही. आपल्या गावांत काय विकलं जात होतं याचा तोही पुरावा आहे. फक्त खऱ्याच्या भावाने घेऊ नका.

वास घ्यायचा कसा

खात्री पटल्यावर ड्रॉइंग पेपरच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापा. लग्नपत्रिकेचा कागद वापरू नका, त्याला स्वतःचा वास असतो. पट्टीचं टोक बुडवा आणि थांबा. जुन्या शिशीचा पहिला भपका खराबच असतो. नेलपॉलिशसारखा, आंबूस. लिंबूवर्गीय वास हवेने आणि उष्णतेने सगळ्यात आधी मरतात, आणि शिशी उघडताच येतात ते तेच. इथेच नवखे लोक "खराब झालंय" म्हणून शिशी ओतून देतात.

दहा-पंधरा मिनिटांनी परत वास घ्या. मग खालचा थर वर येतो. ओल्ड स्पाइसमध्ये लवंग, दालचिनी, जायफळ, आणि त्यांच्या मागे व्हॅनिलाचा गोडवा. ब्रुटमध्ये लव्हेंडर, बडीशेपेच्या जवळ जाणारा एक वास, आणि ओल्या झाडाच्या सालीवरच्या शेवाळाचा ओलावा. काही कोलनांत तुम्हाला वाळा सापडेल. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या पहिल्यांदा भिजल्यावर घरभर जो पसरतो, तोच. आपल्या भागातल्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी परत हुंगा. जे उरलंय ते त्या सुगंधाचं मूळ. ते चांगलं असेल तर रंग कितीही गडद झालेला असो, शिशी ठेवण्यासारखी आहे.

चेहऱ्याला लावावं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं उत्तर: नाही. जुन्या मालात मस्क अँब्रेट नावाचा कृत्रिम कस्तुरीसारखा घटक वापरला जायचा. तो लावून उन्हात गेलं की काही लोकांच्या चेहऱ्यावर अ‍ॅलर्जीचे चट्टे उठत, आणि ज्यांना ते झाले त्यात आफ्टरशेव्ह वापरणारे पुरुष पुष्कळ होते. पुढे तो वापरातून गेला. जुन्या कोलनांतलं बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेलही उन्हात त्रास देतं. आपल्याकडचं ऊन माहीत आहे. ताज्या दाढीवर, चिरलेल्या कातडीवर तर मुळीच नको. फार हौस असेल तर रुमालाला लावा.

भाव

थोडक्यात सांगतो. रिकाम्या, लेबल नसलेल्या शिशीला कबाडी खूश होईल एवढे, म्हणजे वीस-तीस रुपये पुरेत. लेबल शाबूत आणि आत माल असेल तर जास्त द्या, खोकं असेल तर आणखी. पण इंटरनेटवर कोणीतरी लावलेली किंमत हा बाजारभाव नव्हे. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात फार अंतर असतं. आणि म्हाताऱ्या माणसाकडून घेताना घासाघीस करू नका.

पोस्टाने मागवण्याच्या भरीस पडू नका. आफ्टरशेव्हमध्ये साधारणपणे निम्म्याहून अधिक अल्कोहोल असतं आणि पोस्टाने ज्वलनशील द्रव पाठवायला मनाई आहे. स्वतः जाऊन आणा. वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिकडून येताना बिनलेबलची, अल्कोहोलचा वास येणारी शिशी पिशवीत ठेवू नका, विनाकारण चौकशी होते. लेबलवाली शिशी उभी ठेवून, टॉवेलात गुंडाळून आणा.

उन्हाळ्यातून कशी वाचवायची

सुगंधाचे वैरी तीन: उष्णता, उजेड, हवा. यातल्या पहिल्या दोघांचं आपल्याकडे राज्य आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या घरात तर विचारू नका. लोखंडी आलमारी बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तीही दुपारी तापते. काचेच्या शोकेसमध्ये शिश्या मांडण्याची हौस सगळ्यांना असते. तिथे फक्त रिकाम्या ठेवा.

भरलेल्यांना जागा हवी ती घराच्या मधल्या खोलीत, जमिनीलगत. धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. मातीच्या जाड भिंतींआडची अंधारी खोली यासाठी उत्तम. लाकडी पेटी, आत वर्तमानपत्राच्या घड्या, शिश्या उभ्या. पाण्याच्या माठाजवळ गारवा असतो खरा, पण ओलीने लेबलं सुटतात आणि बुरशी धरते. कूलरच्या समोरही नको, त्याच कारणाने. पावसाळ्यात पेटी विटांवर चढवून ठेवा. वाळवीला लेबलाची खळ आवडते.

झाकणं ही दुखरी जागा. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि जोराने फिरवलं की चिरतं. अडलेलं झाकण गरम करू नका, आत अल्कोहोल आहे. हाताला रबर गुंडाळून हळूहळू फिरवा. आट्यांवर नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली की उडून जाणं बरंच थांबतं. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते. झाकण गेलेलंच असेल तर माल होमिओपॅथीवाल्यांकडे मिळणाऱ्या काचेच्या शिशीत काढा, गळ्यापर्यंत भरून, म्हणजे आत हवा राहत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत कधीच नाही.

स्वच्छ करताना कोरडा मऊ कपडा, खाचांसाठी जुना टूथब्रश. छापील काचेला राख किंवा घासणी लावली तर अक्षरं कायमची जातात. कागदी लेबलाला पाणी लावू नका, मळकं असलं तरी चालेल.

वही

शिशी घरी आली त्याच रात्री वहीत नोंद करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. शिशीच्या गळ्यात दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधा; चिकटपट्टी लावली की ती काढताना लेबल फाटतं. नोंदीत नाव, माप, किंमत, लेबलावरचा पूर्ण पत्ता, माल किती उरलाय, वास कसा आहे, आणि कुठून, कोणाच्या घरातून आली ते लिहा. माणूस काय काम करायचा, कोणत्या गाडीवर किंवा खाणीत होता, शिशी कुठे ठेवायचा, रोज लावायचा की फक्त लग्नकार्यात, हेही विचारून घ्या. घरच्यांची हरकत असेल तर आडनाव लिहू नका, गाव आणि काम एवढं पुरे. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'ओल्ड स्पाइस, पाव भरलेली, पत्त्यात बॉम्बे, पिनकोड आहे, झाकण मूळचं. खाणीतल्या फिटरची. फक्त पोळ्याला आणि दिवाळीला लावत. लवंग अजून शाबूत.'